मुलगी, वय पंचवीस, मयत

पितृपक्ष लागला की आमच्याकडे सगळ्यात आधी कावळ्यांची चौकशी सुरू होते. "तुमच्या बाजूला दिसतो का गं एखादा?" असं बायका एकमेकींना फोनवर विचारतात. आता भिवंडीजवळ अंजूरपासून पुढे खाडीपर्यंत गोदामंच गोदामं. झाडं गेली आणि पत्र्याच्या तापल्या छपरांवर कोण बसणार? परवा आईने वाढलेलं पान गच्चीत ठेवून मी अर्धा तास उभी होते. खाली कंटेनर मागे घेणारा माणूस "आने दे, आने दे" म्हणून ओरडत होता आणि वर येत कुणीच नव्हतं. मला हसू आलं. मग नेहमीसारखं कोपऱ्यातलं एक लहान पान आठवलं. या पंधरवड्यात ते आठवतंच, कितीही वर्षं झाली तरी.

तो भाद्रपद आठवतो. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं आमच्या भागात मोठी उलथापालथीची. दिवसाचे कितीएक तास वीज नसायची. वीज गेली की भिवंडीतले लूम एकदम गप्प व्हायचे, आणि आम्हा गाववाल्यांनाही ती शांतता कानात दुखायची. शेतं मात्र अजून होती. भातात दूध भरलं होतं. लोंबी चिमटली की बोटं पांढरी चिकट व्हायची. बांधावरून चाललं की एका अंगाने भाताचा कोवळा वास आणि दुसऱ्या अंगाने खाडीच्या चिखलाचा खारट, कुजका वास. पाहुणे नाक धरायचे. आम्हाला तो वास आला की घर आलं असं वाटायचं.

आमचं खाडीकाठच्या खाजणातलं शेत एका पार्टीला गोदामासाठी भाड्याने हवं होतं. त्यांच्या वकिलाने सांगितलं, "मूळ पुरुषापासून वंशावळ आणा. इंग्रजांच्या काळातले उतारे असतील तर उत्तम. आणि जितके वारस मेले, तितके मृत्यूचे दाखले." मी नुकतीच बी.ए. झाले होते, नोकरीच्या अर्जांना उत्तरं येत नव्हती, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. बाबा म्हणाले, "नंदा, तुला वाचायची हौस हाय ना? मग जा, वाच."

मूळ पुरुष म्हणजे बाबांचे आजोबा, माझे पणजोबा, हाशा. बाबांनी त्यांना कळत्या वयात पाहिलेलंही नव्हतं, पण त्यांच्या तोंडी हाशाचं नाव आलं की आवाज बदलायचा. हाशाने साहेबाच्या राज्यात भरतीचं पाणी अडवायला एकट्याने बांध घातला. हाशाने खाऱ्या चिखलातून भात काढलं. एका उधाणाला बांध फुटला तेव्हा हाशा स्वतः भगदाडात आडवा झोपला आणि वरून लोकांनी माती टाकली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की त्या चिखलाचा गारवा मला माझ्याच पाठीला जाणवायचा.

पंधरा दिवस मी तहसील कचेरीच्या रेकॉर्डच्या खोलीत जात होते. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, त्यांवरची धूळ, वाळवीने खाल्लेल्या कडा. तिथले कारकून काका भले होते, पण तिरके. "पणजोबा शोधताय? शोधा. लोक इथं बाप शोधायला येतात आणि भलतंच काहीतरी घेऊन जातात," असं म्हणून ते दप्तर माझ्यापुढे आपटायचे. सर्वांत जुनी पानं मोडीत होती. ती वाचायला एका निवृत्त गुरुजींना मी रिक्षाने घेऊन यायचे. एका दुपारी त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. "हं, हाशा वलद पोशा. खाजण, भात." मी त्या ओळीला हात लावला. अक्षर एक कळत नव्हतं, तरी डोळ्यांत पाणी आलं. गोष्टीतला माणूस खरंच होता तर. पोशा हे हाशाच्या बापाचं नाव तर घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी बाबांनी "पोशा, पोशा" असं चार वेळा म्हणून पाहिलं आणि आईला म्हणाले, "यंदा त्याचंबी पान वाढ."

आमच्याकडे पितरांना पानं वाढायची रीत अशी: सर्वपित्रीला घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाचं केळीचं वेगळं पान, आणि त्याला जे आवडायचं ते त्या पानावर. वडे, खीर, भोपळ्याची भाजी सगळ्यांनाच. माझ्या आजोबांच्या, म्हणजे गणपतच्या, पानाशेजारी विडीचं बंडल. एक लहान पान मात्र कोपऱ्यात असायचं. ते यमुनेचं. यमुना म्हणजे आजोबांची बहीण, बाबांची आत्या. ती सात वर्षांची असताना तापाने गेली, असं आम्हाला सांगितलेलं. तिच्या पानावर गुळाचा खडा आणि चवळीच्या शेंगा. लहानपणी मला त्या पानाची भीती वाटायची आणि दयाही यायची. एवढीशी पोर, इतकी वर्षं सातच वर्षांची. मी गुपचूप तिच्या पानावर माझ्यातली अर्धी शेंग ठेवायचे.

मोडीच्या नंतरची दप्तरं बाळबोधीत होती, ती मीच वाचत होते. हाशा मेल्यावरची वारसांची नोंद सापडली. संयुक्त महाराष्ट्र होण्याच्या सुमाराची. मी सहज वाचत गेले. हाशा मयत. वारस: गणपत, मुलगा. आणि खाली: यमुना, मुलगी, वय पंचवीस, लग्न झालेली.

मी परत वाचलं. मग बोट ठेवून वाचलं. सात वर्षांची मेलेली पोर पंचवीस वर्षांची कशी होते? पुढचं पान उलटलं. काही महिन्यांनंतरची दुसरी नोंद. "भाऊ गणपत हाशा याच्या जबाबावरून यमुना मयत, नाव कमी केले." खाली आजोबांचा अंगठा. शाई फुटून पसरलेली. ज्या अंगठ्याला धरून मी चालायला शिकले, तो हा अंगठा.

कारकून काकांनी पाणी आणून दिलं. "काय झालं?" त्यांनी विचारलं. कुणी कानाखाली वाजवावी आणि कोण वाजवून गेलं ते कळू नये, असं झालं होतं. मी उताऱ्याची नक्कल मागितली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. समोर रसवाला घुंगरं वाजवत ऊस पिळत होता. जग आपलं नेहमीसारखं चाललं होतं, त्याचाच मला राग आला.

घरी नक्कल दाखवली तर बाबा उखडले. "तलाठ्याची चूक. तेव्हाचे तलाठी एका जागी बसून गाव लिहायचे." मी म्हटलं, "बाबा, चुकून सातचे पंचवीस होतील. लग्न कसं होईल?" त्यांनी नकलेची घडी घालून ती माझ्या हातात कोंबली. "उद्या सर्वपित्री हाय. घरात नको ते काढू नको." बाबा भित्रे नव्हते, पण त्या दिवशी ते घाबरले होते. मी माझ्या बापाला पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं.

मी हट्टी. दुसऱ्या दिवशी जोमाकाकांकडे गेले. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, ऐंशी उलटलेले, पडवीत पाय पसरून जाळं शिवत बसायचे. मी आडवळण न घेता विचारलं, "काका, आमची यमुना कधी मेली?"

त्यांची सुई थांबली. मग म्हणाले, "मेली? मेली कुठं ती? आपुन तिचा दहावा केला, ता खरा. पर मेली न्हाय."

मला वाटलं, म्हातारपणामुळे काहीतरी बोलताहेत. पण ते शांतपणे, एकेक गाठ मारत सांगत गेले. आमच्याच गावच्या बौद्धवाड्यातला किसन. "तवा त्या वाड्याचा नाव येगला व्हता," ते म्हणाले, आणि ते नाव त्यांनी उच्चारलं नाही. किसन ट्रकवर क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. यमुना वीस-बावीसची. दोघांनी लग्न केलं आणि भिवंडीत जाऊन राहिले. तेव्हा हाशाने, बांधाच्या भगदाडात झोपलेल्या त्या हाशाने, खाडीवर जाऊन डोकं भादरलं, जित्या पोरीच्या नावाने पिंड ठेवला आणि सगळ्या गावाला जेवू घातलं.

"तुमी जेवलात?" मी विचारलं.

"जेवलो," जोमाकाका म्हणाले. "सगला गाव जेवला. मंग तिचा नाव कोनी काडला न्हाय. तुज्या बापसाला तर सांगितला, ती बारकी असताना तापानं गेली. पोराला काय सांगनार दुसरा?" मग जाळं बाजूला सारून त्यांनी मला अजून एक धक्का दिला. "निजामपुऱ्याच्या पल्याड ऱ्हाते. गेल्या सालीच मासली बाजारात दिसली मना. इचारत व्हती, बांध हाय का अजून."

मी घरी कशी आले ते मला आठवत नाही. वाटेत भातात बगळे होते, एवढंच आठवतं.

सर्वपित्रीचा दिवस होता. मी पोचले तेव्हा बाबा पानं वाढून, हात जोडून उभे होते. कोपऱ्यात लहान पान, गूळ, चवळीच्या शेंगा. मला थांबता आलं असतं. दुपारपर्यंत तरी थांबायला हवं होतं. पण मी उंबऱ्यातच बोलून मोकळी झाले. "बाबा, ती जिवंत आहे. भिवंडीत राहते."

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या पानाकडे. मग ते भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले. आई धावली. त्यांना दरदरून घाम फुटला होता. "मी जित्या बाईला पितर घातलं," ते म्हणत राहिले. "बाप गेल्यापासून मी. एक साल चुकवलं न्हाय. जित्या बाईला." आमच्यात यापरतं मोठं पाप नाही. जिवंत माणसाच्या नावाने पान ठेवणं म्हणजे त्याला यमाच्या हवाली करणं. माझे बाबा देवभोळे. त्यांनी प्रेमाने केलेलं, डोळ्यांत पाणी आणून केलेलं कर्म असं निघालं. मी त्यांच्याजवळ बसले. माझी अर्धी शेंग त्यात होतीच की.

खरं सांगते, आजही मला त्यातल्या कशाचा धक्का सगळ्यात जास्त बसला ते ठरवता येत नाही. हाशाने दहावा केला याचा? आजोबांच्या अंगठ्याचा? की एवढं मोठं गाव, बोलघेवडं, दुसऱ्याच्या घरात काय शिजलं ते वासावरून सांगणारं, पन्नास वर्षं एका तोंडाने गप्प बसलं याचा? आमच्या गावात बांधावरून भांडणं झाली, देवळाच्या मानावरून डोकी फुटली. एकमत म्हणून कधी झालं असेल, तर ते या एका बाबतीत.

चार दिवसांनी बाबा म्हणाले, "चल." अंजूरला येऊन आम्ही रिक्षा केली. निजामपुऱ्याच्या गल्ल्यांत लूमची खडखड, सायझिंगच्या खळीचा आंबूस वास, सुताच्या कोनांनी भरलेल्या हातगाड्या. "बाजू, बाजू," म्हणत पोरं धावत होती. विचारत विचारत आम्ही पलीकडच्या वस्तीत पोचलो. दोन खोल्यांचं घर, दारात तुळशीसारखीच निगुतीने लावलेली मिरचीची रोपं, आत बुद्धाची मूर्ती आणि हार घातलेला एका ड्रायव्हरचा फोटो. किसन गेला होता. मुलगा पुण्याला नोकरीला होता.

ती दारात आली. बारीक, ताठ, पांढरे केस. नाक माझ्या बाबांचं. तेच नाक, तसंच किंचित डावीकडे वळलेलं. मीच सांगितलं, "मी गणपतची नात. हे त्यांचे चिरंजीव."

"वलखला," ती म्हणाली. "आत या. उन्हात कित्ती उभी ऱ्हाशाल."

चहा झाला. मग एकाएकी बाबा रडायला लागले आणि पान, गूळ, चवळीच्या शेंगा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देणार. तिने पदराने तोंड पुसलं आणि ती हसली. "जोमादादानं सांगितलाय मना कवाच. जित्या मानसाची मरनाची खबर उठली तर त्याचा आयुष्य वाढतं म्हनतात. तुमी दर साली मारलात, म्हनून मी सत्तरी गाठली."

बाबांना हसता आलं नाही. मी हसले आणि हसता हसता मला ओक्साबोक्शी रडू आलं. आत्याआजीने माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. तिच्या अंगाला खोबरेल तेलाचा आणि मिरच्यांचा वास होता. ती बांधाचं विचारत होती, उधाणाला पाणी आत येतं का, कोलंबी अजून तेवढी मिळते का. तिच्या पोटात एवढं गाव शिल्लक होतं.

वकिलाला सगळं सांगितलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "अहो, कागदावर त्या मयत आहेतच. मेलेलं कशाला उकरता? दाखला मिळाला नाही तर गावाच्या चार लोकांचं प्रतिज्ञापत्र करू. मी बघतो." गावातल्या चार जणांनी तर आधीच तयारी दाखवली होती. पन्नास वर्षांपूर्वी जेवलेल्यांचीच पोरं ती. बाबांपुढे दोन रस्ते होते. गप्प बसलं तर जमीन मोकळी, गाव खूश, हाशाचं नाव तसंच उजळ. तिचं नाव लावायचं, तर बापाने सरकारला खोटं लिहून दिलं हे आपल्या तोंडाने, गावासमोर सांगायचं. तीन दिवस बाबा बांधावर जाऊन बसत होते. मी त्या दिवसांत वंशावळ काढत होते, आलेखाच्या कागदावर. पोशा, हाशा, गणपत, बाबा. पुरुषांखाली रेघा होत्या. बायका नुसत्या कंसात. शेवटी माझं नाव लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढायला जागाच ठेवलेली नाही असं दिसलं. पट्टी टेबलावर आपटून मी उठले. यमुनेचं नाव लागलं नाही तर मीही एक दिवस असाच कुणाच्या तरी जबाबाने कमी होईन, असं मला स्वच्छ वाटलं.

चौथ्या दिवशी बाबांनी आत्याला निरोप धाडला. तिने उलट निरोप दिला, "जमिनीचा मी काय करू? ती पोरांना ऱ्हाऊ दे. पर कागदावर मना जिती कर."

मंडळ अधिकाऱ्यांच्या कचेरीत आम्ही आत्याआजीला घेऊन जबाब द्यायला गेलो. बातमी आमच्याआधी पोचली होती. मागच्या बाकड्यावर गावचे पाच-सहा म्हातारे येऊन बसले होते, पान चघळत, नुसते ऐकायला. साहेब लिहायला लागले. बाबा घसा खाकरून म्हणाले, "लिहा. माझ्या वडिलांनी नजरचुकीने..."

"नजरचूक म्हंजे?" आत्याआजीने मला विचारलं.

"बघताना झालेली चूक," मी सांगितलं.

"मंग ता लिवू नको," ती म्हणाली. आवाज चढवलाही नाही. "त्यानं मना नीट बघितला व्हता. कागद कराच्या आठ दिस आधी एस्टी स्टँडवर भेटला. माज्या काखेत पोर व्हता. त्यानं पोराला गोली घेऊन दिली, तोंडावर हात फिरवला, आनि घरी जाऊन मना मारून टाकला. त्याला ठाव व्हता. लिव, ठाव असताना."

साहेबांनी पेन वर धरलं. "लिहा," बाबा म्हणाले. "माहीत असताना."

साहेबांनी लिहिलं. मग विचारलं, "बाईंचं पूर्ण नाव?"

"यमुना हाशा..." बाबांनी सुरुवात केली.

"ती खरंच मेली," आत्याआजी म्हणाली. "तिचा दहावा झालाय, हे बाकड्यावरचे लोक जेवलेत. जी जिती हाय तिचा नाव सांग."

आमच्या घरात, आमच्या गावात तिच्या नावापुढे नवऱ्याचं नाव पन्नास वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं. बाबांनी मागे वळून बाकड्याकडे पाहिलं. तिथल्या एकाने मान हलवली, नको म्हणून. बाबा परत साहेबांकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "यमुना किसन गायकवाड. माझी सख्खी आत्या."